कामगार कमी करायची वेळ आली तर: जिनिंग, तेल गिरणी आणि डाळ मिलच्या मालकांसाठी

मी वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट-समुद्रपूर भागातल्या जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), तेल गिरण्या आणि डाळ मिलची हजेरीपत्रकं, पगारपत्रकं आणि पीएफचे कागद करते. कुठल्या मालकाचं काय बिनसलंय हे त्यामुळे गावाच्या आधी मला कळतं. कापसाची आवक घटते, सरकीचा भाव पडतो, बँक कर्जाची मर्यादा वाढवून देत नाही, नाहीतर नवी मशीन येते. मग मालकाचा फोन येतो: "ताई, सातआठ माणसं कमी करा लागतात. कसं करू?" त्या फोनवर जे सांगायला वेळ पुरत नाही, ते इथं सविस्तर लिहिते.

माझं सांगणं दोन गोष्टींचं आहे आणि त्या दोन्ही एकत्रच करायच्या असतात. प्रत्येक माणसाचा हिशोब रुपया-पैशासकट तयार झाल्याशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही. आणि तयार झाला, की मालकानेच समोर बसवून सांगायचं. बाकी सगळं या दोन गोष्टी नीट पार पडाव्यात म्हणून.

मोठ्या कंपन्या हे कसं करतात ते आपली पोरं पुण्याहून फोन करून सांगतातच. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकेतल्या गृहकर्ज कंपनीच्या प्रमुखाने एका झूम कॉलवर सुमारे ९०० लोकांना काढलं आणि जगभर त्याची छी-थू झाली. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२० मध्ये, कोरोनाने धंदा बसला म्हणून प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने सुमारे १,९०० लोक कमी केले. पण त्यांना १४ आठवड्यांचा पगार आणि वर वर्षामागे एका आठवड्याचा पगार दिला, लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवू दिले, आणि दुसऱ्या कंपन्यांना दिसेल अशी त्यांची यादी करून काम शोधायला मदत केली. नुकसान दोन्हीकडे होतं. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी बसून माणसागणिक विचार केला होता, एवढाच फरक. तो विचार आपल्या चाळीस माणसांच्या जिनिंगलाही परवडतो, आणि आपल्याकडे त्याची जुनी रीतही आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलने कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला तो १८८६ मध्ये, असा कुठलाही कायदा नसताना.

आणि गावात तर हे जास्तच सांभाळावं लागतं. काढलेला माणूस इथून कुठं जात नाही. तो बुधवारच्या बाजारात भेटतो, तेरवीच्या पंगतीत शेजारी बसतो, त्याच्या भावाचा कापूस तुमच्याच काट्यावर येतो.

नावं कशी ठरवायची

कायद्याचा साधा नियम आहे: एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला, तो आधी कमी होतो. यापेक्षा वेगळं करायचं असेल तर त्याचं कारण लिहून ठेवावं लागतं. म्हणून सगळ्यात आधी कामागणिक ज्येष्ठता यादी करा. फिटर वेगळे, प्रेसवाले वेगळे, रेच्यावरचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरचे) वेगळे, काट्यावरचे वेगळे. नाव आणि कामावर लागल्याची तारीख, एवढंच. जुन्या लोकांच्या तारखा बहुतेक ठिकाणी खोट्या असतात, कारण पीएफ लागू झाला त्या दिवसापासून नोंद धरलेली असते. माणूस त्याच्या आधी पाचसात वर्षं तिथंच राबलेला असतो. जुनी हजेरीबुकं काढा, खरी तारीख लिहा.

यादी हातात आली की मालकाच्या मनात दुसरी यादी सुरू होते, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण दुसऱ्या पॅनलचं काम करत होता, दिवाळीच्या बोनससाठी कोण पुढं होऊन बोलला, कोण कुठल्या मोहल्ल्याचा. ही यादी कागदावर येत नाही, पण नावं जाहीर झाली की अर्ध्या तासात पानठेल्यावर वाचली जाते. गावाला हिशोब कळतो. ज्येष्ठता यादीवर ठाम राहा, म्हणजे "मलेच काहून?" या प्रश्नाला तुमच्याकडे दाखवण्यासारखं उत्तर राहील.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या काळात कामावरून काढता येत नाही. आणि चार वर्षं दहा महिने झालेल्या माणसाला, पाच वर्षं भरली की द्यावी लागणारी ग्रॅच्युइटी वाचवायला काढू नका. तो माणूस महिने मोजत असतो, त्याची बायको त्याहून जास्त.

कमी करण्याआधी दुसरं काही जमतं का, तेही पाहा. पाळी कमी करणं, आठवड्यातून दोन दिवस गिरणी बंद ठेवणं, एखाद्याला काट्यावरून गोदामात घेणं. जमत नसेल तर ते का जमलं नाही हे लक्षात ठेवा, कारण लोक तेच विचारतील.

केव्हा सांगायचं

शहरातली कंपनी तिमाही पाहते. आपण पाडवा पाहायचा. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, गुढीपाडव्याला ठरतो. पाडव्याच्या महिनाभर आधी माणसाला कळलं, तर तो कुणाच्या वावरात सालानं लागू शकतो, पैशाची बोलणी करू शकतो. पाडव्यानंतर आठ दिवसांनी कळलं, तर चांगली घरं भरून गेलेली असतात आणि तो रोजमजुरीवर येतो. तुमच्यासाठी एका महिन्याचा फरक, त्याच्यासाठी वर्षाचा.

जूनमध्ये सांगणं सगळ्यात वाईट. बियाणं, खत, पोरांची पुस्तकं, सगळे खर्च एकदम उभे असतात. पोळा आणि दिवाळीच्या तोंडावरही नको.

वार सोमवार किंवा मंगळवार, वेळ सकाळची. शनिवारी संध्याकाळी सांगून मोकळं व्हायचं मालकांना सोपं वाटतं, पण मग तो माणूस रविवारभर घरात बसून राहतो आणि बँक, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) काहीच उघडं नसतं. सोमवारी सांगितलं तर दुपारी तो पासबुक घेऊन तालुक्याला जाऊ शकतो, कुणाला विचारू शकतो. बाजाराचा दिवसही टाळा. त्या दिवशी बचत गटाची वसुली असते, उधारी असते, आणि चार गावचे लोक एका जागी असतात.

हिशोब

इथं घाई करू नका. दहा माणसांचा हिशोब नीट करायला मला आठवडा लागतो, आणि तो आठवडा मालकाने मला द्यावा असा माझा आग्रह असतो.

आधी कायदा थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. ज्या माणसाने सलग एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस, काम केलं आहे त्याला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस, त्यात कारण, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार. पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, आणि वरचे सहा महिन्यांपेक्षा जास्त असतील तर तेही वर्ष धरायचं. सरकारला कळवायचं. शिवाय पुनर्कौशल्य निधीत मालकाने त्या माणसाच्या शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची, ती कपातीपासून ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायला हवी. राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या बारमाही कारखान्याला आधी सरकारची परवानगी लागते, पण आपल्यातल्या फार थोड्यांना ते लागू आहे.

आता एक माणूस घेऊन दाखवते. तेल गिरणीतला एक्सपेलरवरचा (तेल काढायच्या यंत्रावरचा) माणूस, ११ वर्षं पूर्ण, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये.

नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार दिला तर १३,०००. कपातीची भरपाई: १५ दिवसांचे ६,५०० गुणिले ११, म्हणजे ७१,५००. ग्रॅच्युइटीचं गणित वेगळं, त्यात महिना २६ दिवसांचा धरतात. १३,००० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ५००. त्याचे १५ दिवस ७,५००, गुणिले ११ वर्षं, म्हणजे ८२,५००. तिन्ही मिळून १,६७,००० रुपये. यावर चालू महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, त्या वर्षात निदान ३० दिवस काम झालं असेल तर बोनस, आणि तो निधी. ग्रॅच्युइटी द्यायला कायद्याने ३० दिवस मिळतात, पण जमत असेल तर सगळं एकाच वेळी द्या.

बरेच मालक भरपाई आणि ग्रॅच्युइटी एकच समजतात आणि एक देऊन मोकळे होतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही द्यायच्या.

जिनिंगमधल्या हंगामी लोकांचं तर कुणी धरतच नाही. दसऱ्यानंतर यायचं, रेचे बंद झाले की घरी जायचं, पुढच्या वर्षी परत यायचं, असं आयुष्य काढलेल्या बाया आपल्याकडे आहेत. हंगामी आस्थापनेत दर हंगामामागे ७ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी असते, आणि कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम केलं असेल तर त्या वर्षाची सेवा सलग धरतात. दिवसाला ५०० रुपये मिळणारी बाई सलग १२ हंगाम आली असेल तर ३,५०० गुणिले १२, म्हणजे ४२,००० रुपये तिचे होतात. तिने मागितले नाहीत कारण तिला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान २००० साली आलं, त्यातून आपल्या जिनिंगचं आधुनिकीकरण झालं, डोक्यावर टोपल्या वाहायचं काम पट्ट्यांनी आणि पाइपांनी घेतलं, आणि बायांची सगळ्यात जास्त कामं त्यातच गेली. कुणी नोटीस दिली नाही, कुणी हिशोब केला नाही. पुढच्या हंगामाला निरोपच आला नाही, इतकंच. त्या बाया आजही त्याच गावांत राहतात.

उचल. हा नाजूक विषय. पोरीच्या लग्नाला ३०,००० उचलले, पगारातून कापत आणले, १८,००० बाकी. मालकाला वाटतं आता एकदम कापून घ्यावे. माझं म्हणणं: ग्रॅच्युइटीला हात लावू नका. बाकीच्या रकमेतून किती आणि कसे कापायचे ते त्याच्याशी बोलून लिहून घ्या. शक्य असेल तर अर्धे सोडा. मी काम करते त्यातल्या एका मालकाने सगळ्या उचली माफ केल्या. एकूण रक्कम त्याच्या एका गाडी सरकीच्या किमतीइतकीही नव्हती, आणि गावात त्याचं नाव आजही त्या गोष्टीसाठी काढतात.

सगळा हिशोब एका पानावर, मराठीत, ओळीगणिक. "इतर देय" अशी ओळ नको. प्रत्येक रकमेसमोर ती कशी आली ते लिहा. ते पान घरी जाईल, दहावीतला पोरगा मोठ्यानं वाचेल, आजी ऐकेल, शेजारचा शिक्षक तपासेल. त्या वाचनात टिकेल असं पान करा. पैसे बँकेतच टाका. रोखीने, चार लोकांसमोर मोजून दिले तर संध्याकाळपर्यंत देणेकरी दारात उभे राहतात.

पीएफ आणि ईएसआयचे कागद

हे काम माणूस अजून तुमच्याकडे असतानाच करायचं. नंतर तो चकरा मारत राहतो आणि तुमचा कारकून फोन उचलत नाही.

पीएफच्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहा. बायांच्या बाबतीत हे हमखास अडतं. कामावर लागली तेव्हा माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. ते संयुक्त घोषणापत्राने दुरुस्त होतं आणि जुन्या खात्यांच्या बाबतीत त्यावर मालकाची संमती लागते. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का? बऱ्याचदा तो पोराचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. वारस नोंद झाली आहे का? आणि माणूस गेला की पोर्टलवर काम सोडल्याची तारीख भरा. ती एक तारीख मालकाने भरली नाही म्हणून पैसे अडकलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यातली काही तर दुसऱ्या जिल्ह्यातून येतात. दोन मिनिटांचं काम आहे हो.

पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. कुणी नऊ वर्षांच्या पुढे असेल तर त्याला ते समजावून सांगा, म्हणजे तो घाईत सगळं काढून घेणार नाही आणि पुढच्या नोकरीत सेवा जोडू शकेल.

कारखाना ईएसआयखाली असेल तर दोन गोष्टी सांगायच्या. काम सुटलं म्हणजे दवाखाना त्याच दिवशी सुटत नाही. ऑक्टोबर ते मार्च भरलेल्या वर्गणीवरचा लाभ जुलै ते डिसेंबरात असतो आणि एप्रिल ते सप्टेंबरचा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. घरात कुणाचं ऑपरेशन, डायलिसिस असेल तर ही माहिती पैशापेक्षा मोठी असते. दुसरं, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात झालेल्या किंवा कारखाना बंद पडून बेरोजगार झालेल्या विमाधारकाला भत्ता आहे: पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. अटी शाखा कार्यालयात विचारून घ्या आणि अर्जावर लागणाऱ्या तुमच्या सह्या आधीच करून ठेवा.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे ते सांगते. राजीनामा लिहून घेणं. "सही करा, म्हणजे पैसे लवकर निघतील" असं म्हणून कोऱ्या किंवा छापील राजीनाम्यावर सही, नाहीतर अंगठा. त्या एका कागदाने माणसाची कपातीची भरपाई जाते, वर सांगितलेला भत्ता जातो, आणि आपण स्वतःहून काम सोडलं असं त्याच्या नावावर कायमचं लागतं. मालकाचे काही हजार वाचतात. हा कागद मी करत नाही. मला सांगितलं तर मी उठून येते. तुमच्या वकिलाने सुचवलं तरी करू नका. माणूस तुम्ही कमी करत आहात, तर कागदावर तसंच लिहा.

सांगायचं कसं

मालकाने सांगायचं. मुकादमाने नाही, ठेकेदाराने नाही, माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने तर नाहीच. मुकादम त्याच गावचा, बहुतेक वेळा नात्यातला. त्याच्या तोंडून निरोप पाठवला तर दोन घरांमध्ये वैर लागतं आणि मालक नामानिराळा राहतो.

यादी फाटकावर चिकटवायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही. सांगण्याआधी कुणाला कारखान्याच्या ग्रुपमधून काढायचं नाही. आणि हजेरीच्या मशीनला हात लावायचा नाही. हे का सांगते, तर एका जिनिंगमध्ये मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळची पाळी, हजेरीला रांग. एका बाईचा अंगठा मशीन घेईना. तिने पदराने पुसला, पुन्हा लावला. मशीन तेच बोललं. तिला वाटलं रुईचे तंतू लागले असतील, म्हणून नळावर जाऊन हात धुऊन आली. दुसरा अंगठा लावून पाहिला. मागची रांग थांबलेली, कुणी म्हणालं, "फुंकर मारा काकू." मग मुकादम जवळ आला आणि खाली पाहून म्हणाला, "काकू, तुमचं नाव कालच काढलं जी." बाई काही बोलली नाही. डबा हातात होता, तो पिशवीत ठेवला, आणि सोबत आलेल्या बाया आत गेल्यामुळे एकटी ऑटोची वाट पाहत फाटकाबाहेर उभी राहिली. परतीचा ऑटो संध्याकाळी होता.

मालक त्या दिवशी नागपूरला होते.

म्हणून असं करा. एकेकाला ऑफिसात बोलवा. बसायला खुर्ची द्या. आपल्याकडे कामगार मालकासमोर उभाच राहतो, त्यामुळे खुर्चीवर बसवणं महत्त्वाचं आहे. पाणी ठेवा. फोन बाजूला. दार लोटलेलं, पण बाईला सांगायचं असेल तर सोबत ऑफिसातली दुसरी बाई असू द्या. आणि पहिल्याच दोन वाक्यांत सांगा. हवापाण्याच्या गप्पा, पोरं काय करतात वगैरे विचारून मग बातमी देऊ नका. त्याला नंतर त्या गप्पांचाच राग येतो.

साधारण असं: "बसा भाऊ. वाईट गोष्ट सांगायची आहे, म्हणून सरळच सांगतो. ३१ मार्चपासून तुमचं इथलं काम बंद होत आहे. नवी फीडर मशीन बसली. रेच्यावर कापूस टाकायला सहा माणसं लागत होती, आता दोन लागतात. यादीत तुम्ही शेवटून तिसरे लागलेले आहात. तुमच्या कामात काही चूक नाही. हा तुमचा हिशोब, एकेक ओळ मी वाचून दाखवतो."

मग थांबा. त्याला बोलू द्या. तो चिडेल, रडेल, किंवा नुसता "बरं" म्हणेल. "बरं" म्हणणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. सोबत कोण घरी जाईल ते विचारा आणि गरज वाटली तर माणूस द्या. कर्जाचं, दारूचं, घरातल्या भांडणाचं तुम्हाला माहीत असेल तर त्याच्या भावाला किंवा मेव्हण्याला त्याच दिवशी फोन करा. आपल्या भागात हे सांगायची गरज का आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

काही वाक्यं टाळा. "वरून आदेश आला", तुमच्या वर कोण आहे? "आपण सगळे एका घरचे", मग घरातून का काढता? "तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटतं", हे कुणालाही ऐकवत नाही. आणि सगळ्यात घातक, "पाहू पुढं." मालक सहज म्हणून जातो. तो माणूस त्या दोन शब्दांवर चार महिने काढतो, दुसरीकडे लागत नाही, सुरतेला गेलेल्या मित्राचा निरोप नाकारतो. परत घ्यायची खरी शक्यता असेल तर केव्हा आणि कशावर अवलंबून आहे ते सांगा. नसेल तर "इथं आता जागा होणार नाही" हे स्पष्ट बोला.

कारण खरं सांगा. मशीन घेतली म्हणून, तर मशीन घेतली म्हणून. घाटा झाला म्हणून सांगाल आणि पंधरा दिवसांनी दारात नवी गाडी उभी राहील, तर उरलेल्या माणसांचाही विश्वास त्याच दिवशी जाईल.

नोटिशीचं पत्र मराठीत, सहासात ओळींचं. नाव, पद, लागल्याची तारीख, काम संपण्याची तारीख, कारण, हिशोबाचं पान जोडलं आहे ही ओळ, तुमची सही आणि शिक्का. दोन प्रती, एकीवर त्याची पोच. सही करताना "वाचून दाखवलं, समजलं" एवढंच त्याच्याकडून लिहून घ्या. "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेऊ नका, तक्रार करायचा त्याचा हक्क त्याच्याकडेच राहू द्या.

ठेकेदाराच्या लोकांनाही हेच. ते तुमच्या रजिस्टरवर नसतील, पण ठेकेदाराने पैसे बुडवले तर वेतनाची जबाबदारी मूळ मालकावर येते. ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येकाला पैसे मिळाले का, ते स्वतः विचारा.

जे उरले त्यांना

त्याच दिवशी, पाळी संपायच्या आत, सगळ्यांना एकत्र करून सांगा. किती कमी झाले, का, आणि आणखी होणार आहेत का. नावांची चर्चा नको. आणखी होणार नसतील तर तसं सांगा आणि शब्द पाळा. माहीत नसेल तर केव्हा कळेल ती तारीख सांगा. कमी झालेल्यांचं काम कुणाच्या अंगावर टाकणार आहात तेही बोला, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रेसवर दोघांचं काम एकटा करताना एखाद्याचा हात जातो.

नंतर

अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, कामाचं वर्णन नीट लिहून द्या. "मजूर" लिहू नका, तो डबल रोलर जिनचा फिटर असेल तर तसं लिहा. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, आर्वी, राळेगाव, सगळीकडे जिनिंग आहेत, मालक एकमेकांना ओळखतात. पाच फोन करा. मालकाच्या एका फोनने जे होतं ते माणसाच्या दहा अर्जांनी होत नाही. हमाल, फिटर, काट्यावरचा माणूस, यांना बाजार समितीत, गोदामांत, बुटीबोरीच्या कारखान्यांत जागा निघतात.

कारखान्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना, विशेषतः मध्य प्रदेश किंवा बिहारहून आलेल्यांना, पोरांच्या परीक्षा होईपर्यंत राहू द्या, वीज तोडू नका. सरकी ढेप कामगारांच्या भावात देत असाल तर ती सवलत त्या वर्षी चालू ठेवा. त्याची जनावरं तुमच्या कपातीला जबाबदार नाहीत. लग्नाची पत्रिका आली तर जा. सुरुवातीला जड जातं, पण टाळलं तर पुढचं प्रत्येक वेळेला जास्त जड जातं.

महिनाभराने फोन करा, पीएफचा दावा लागला का, पैसे जमा झाले का, काही अडलं का. दोन महिन्यांनी पुन्हा.

आणि कपातीनंतर वर्षभरात त्याच कामासाठी माणूस घ्यायचा असेल, तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यायची असा कायदाच आहे. दसऱ्याला भरती सुरू होण्याआधी ती यादी काढा. मुकादमाच्या हाती निरोप पाठवून भागत नाही, कारण मुकादमाला आपला भाचा लावायचा असतो. प्रत्येकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा, फोनही करा, पोस्टाची पावती फाइलला लावा, आणि उत्तर यायला निदान दहा दिवस थांबा. तोवर नवीन माणूस घेऊ नका.